मधलीवरनं आलेली हाळी

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसांना मी आयुष्यभर चहा पाजला आणि मनातल्या मनात हसत आले. माझं माहेर कोल्हापुरातलं, पेठेतलं. वडिलांचं सायकलचं दुकान होतं आणि ते मुद्दाम अमावास्येला नवं काम हातात घ्यायचे. मी त्यांचीच मुलगी. देवाला हात जोडते, पण तेवढंच. तेव्हा पुढचं वाचून ‘बाईंचं आता वय झालं’ असं कुणाला वाटलं तर माझी काही हरकत नाही... मलाही कधीकधी तसंच वाटतं.

लग्न चौऱ्याहत्तर सालचं. सासर गगनबावड्याच्या अलीकडे, मोठा रस्ता सोडून थोडं आत. गाव एकच, पण वाड्या तीन. आमची खालची वाडी रस्त्याजवळ. तिथून चढ चढून गेलं की डोंगराच्या सोंडेवर मधली वाडी. आणि मधलीच्या पलीकडे ओढा ओलांडून वर गेलं की वरची वाडी, सगळी धनगरांची घरं. पावसाळ्यात धुकं उतरलं की एका वाडीतून दुसरी दिसायची नाही. चार-चार दिवस प्रत्येक वाडी आपापली बेटासारखी एकटी.

त्या दिवसांत हाळी, म्हणजे लांबवर घातलेली हाक, हाच आमचा टेलिफोन. गाय व्याली, पाहुणे आले, कुणी गेलं, सगळं हाळीनंच कळायचं. पण खालचा आवाज वरच्या वाडीला थेट पोचत नसे, मध्ये सोंड आडवी येई. त्यामुळे निरोप मधलीनं घ्यायचा आणि पुढं द्यायचा. त्याची रीत ठरलेली होती. आधी आपल्या वाडीचं नाव सांगायचं, मग निरोप. ऐकणाऱ्यानं ‘ओ’ द्यायची. आणि कानावर पडलेली हाळी पुढं न देणं म्हणजे महापाप... बांधावरून कोर्टात गेलेले दोन भाऊसुद्धा एकमेकांचे निरोप इमानानं पोचवायचे आणि मग पुन्हा तोंड फिरवायचे.

मधलीची हाळी आत्तीची. आत्ती म्हणजे आमच्या यांची सख्खी आत्या, मधलीत दिलेली, मूलबाळ नसलेली. यांची आई लहानपणीच गेली, तेव्हा यांना तिनंच वाढवलं. अंगानं काटकुळी, पण सोंडेवरच्या काळ्या दगडावर उभी राहून ‘मधलीवरनं सांगतोऽऽ’ म्हणाली की दोन्ही वाड्यांतली कामं थांबायची. (आमच्याकडे बायकाही ‘मी येतो, मी जातो’ असंच म्हणतात. मला सुरुवातीला फार हसू यायचं. आता मीही तेच बोलते.)

तिनं मलाही हाळी शिकवायचा प्रयत्न केला. मी घसा फोडून ओरडले तर म्हणाली, “पोरी, गोठ्यातली म्हस तरी बघतीया का बघ.” म्हैस शांतपणे रवंथ करत होती.

पुढं एका पावसाळ्यात मधलीच्या मागच्या डोंगराला भेग पडली. साहेब लोक आले, बघून गेले आणि ती वाडी हलवायची ठरली. सगळ्यांना खाली रस्त्याकडेला जागा दिली. माणसांनी कौलं उतरवली, वासे काढले, तुळशीसुद्धा उचलून आणल्या. आत्ती आमच्याकडे आली. तिच्या वयाला ते बरंच होतं... दवाखाना जवळ, दारात एसटी. पण तिचं मन काही खाली उतरलं नाही. रोज संध्याकाळी सोप्यात सोंडेकडं तोंड करून बसायची.

“आत्ती, आत या, गारठा पडलाय,” मी म्हणायची.

“वरच्यांनी हाळी दिली तर?” ती म्हणायची. “ओ द्यायला कोण हाय आता तिथं? वाडी मोकळी टाकून आलो आपुन.”

घरदार सुटल्याचं दुःख मला समजत होतं. पण हिला घरापेक्षा त्या न दिलेल्या ‘ओ’चं दुःख जास्त होतं, ते माझ्यासारख्या पेठेतल्या पोरीला कसं कळावं? खरं सांगायचं तर मला तेव्हा त्याचा थोडा कंटाळाच यायचा.

आमचे हे वरच्या वाडीत मास्तर. रोज सकाळी चढून जायचे, मोकळ्या पडलेल्या मधलीतून, ओढ्यावरचा लाकडी साकव ओलांडून, आणि संध्याकाळी त्याच वाटेनं परत. वाडी हलवली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. श्रावण होता, सकाळपासून झड लागलेली, दुपारी पाऊस जरा थांबला आणि धुकं उतरलं. मी आणि आत्ती चुलीपुढं बसून फणसाच्या आठळ्या सोलत होतो. मी माहेरच्या कुठल्याशा लग्नाचं सांगत होते आणि ती ‘हूं, हूं’ करत होती.

आणि हाळी आली.

“मधलीवरनं सांगतोऽऽ...”

माझे हात जागच्या जागी थांबले. आवाज सोंडेवरनं येत होता, नेहमीसारखा, लांबवलेला, शेवटाला जरा वर चढणारा. तो आवाज मी रोज ऐकत होते. तो आवाज माझ्या समोर बसलेल्या बाईचा होता, आणि तिचं तोंड मिटलेलं होतं.

“मास्तर पडल्यातऽऽ... साकव गेलाऽऽ... धनगरवाटनं याऽऽ... घोंगडं घ्याऽऽ...”

मी आत्तीकडं पाहिलं. तिच्या हातातली आठळी निखाऱ्यात पडली, तिला भान नव्हतं. भीती म्हणावी तर तिच्या चेहऱ्यावर भीतीही नव्हती. हरवलेलं जनावर लांबून ओळखू यावं तशी ती ऐकत होती.

“माझाच हाय की आवाज,” ती हळूच म्हणाली. मग एकदम माझं मनगट धरलं. “ऊठ. ओ दे.”

“तुम्ही द्या ना...”

“माझी मला कशी देऊ? तू दे. ओ दिल्याबिगर ऱ्हाऊ नये.”

मी अंगणात जाऊन ओरडले. काय ओरडले आठवत नाही. म्हशीनं मान वळवली एवढं आठवतं. आणि वरून, त्या धुक्यातून, स्पष्ट उत्तर आलं, “बरं गंऽऽ.”

पुढचं सगळं धावपळीचं. शेजारचा बाबालाल जळणाचा ट्रक चालवायचा, तो नेमका घरी होता. त्यानं ‘हाळी कुणी दिली’ हेसुद्धा विचारलं नाही. मधलीवरनं आली म्हटल्यावर आली, इतकी ती सवय. चार माणसं घोंगडं आणि बांबू घेऊन निघाली. नेहमीच्या वाटेनं न जाता वरच्या अंगानं, ओढ्याच्या उगमाला वळसा घालणाऱ्या धनगरवाटेनं. तिथं अर्ध्यावर वरच्या वाडीतला रामा झोरे, एक म्हातारा आणि दोन बायका आमच्या यांना कसंबसं उचलून आणताना भेटले. साकव यांच्या पायाखालीच गेला होता. मांडीचं हाड मोडलेलं, डोकं फुटलेलं, शुद्ध नाही. बाबालालनं ट्रक कोल्हापूरपर्यंत कुठंही थांबवला नाही. डॉक्टर म्हणाले, रक्त फार गेलंय, अंधार पडेपर्यंत थांबला असता तर कठीण होतं.

मी दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून एवढाच विचार करत होते की, हाळी आली नसती तर आम्ही दिवे लागेपर्यंत वाट बघितली असती. मग कंदील घेऊन नेहमीच्याच वाटेनं, त्या नसलेल्या साकवावर माणसं पाठवली असती.

हे घरी आल्यावर रामा झोरे भेटायला आला. दही घेऊन आला, दारात बसला आणि आत्तीकडं बघून म्हणाला, “आत्ती, त्या दिशी तू हुतीस म्हणून मास्तर वाचलं. मधलीत फणस आणाय गेलतीस काय?”

मी विचारलं, “रामाभाऊ, नीट सांगा, काय झालं?”

“काय व्हायचंय? मास्तरास्नी वर काढलं, अन् मी कड्यावर जाऊन हाळी दिली. सवयीनं मधलीकडंच दिली बगा. वाडी उठलीया हे डोक्यातच न्हाय. आत्तीनं ओ दिली, समदं पुना म्हणून दाखवलं, मी माघारी फिरलो. अन् मास्तरास्नी उचलताना ध्यानात आलं, मधलीत हाय कोण आता? म्हटलं, आत्ती गेली आसंल, देवानंच धाडली.”

“मी हितं आठळ्या सोलत हुतो,” आत्ती म्हणाली.

“व्हय,” मी म्हणाले. “माझ्यासमोर होत्या.”

रामानं एकदा तिच्याकडं आणि एकदा माझ्याकडं पाहिलं. मग दह्याचं भांडं तसंच ठेवून उठला आणि चपला हातात घेऊन गेला.

आमच्या यांनी बिछान्यात पडल्या पडल्या त्याच्यावर बराच खल केला. सायन्सचा मास्तर तो. धुक्यात आवाज लांब जातो, कड्यावर आपटून फिरतो, वगैरे. मी म्हटलं, मान्य. पण कडा आपटलेला आवाज परत देईल, रामाच्या आवाजात देईल. तो बाईच्या आवाजात कसा देईल? आणि ‘मधलीवरनं सांगतो’ हे रामा म्हणालाच नव्हता, ते कुणी जोडलं? हे एवढंच म्हणाले, “आत्तीला विचारू नकोस.”

विचारायची गरजच पडली नाही. त्या दिवसानंतर आत्तीचं संध्याकाळचं कुरकुरणं बंद झालं. सोप्यात बसायची, पण मी ‘आत या’ म्हटलं की लगेच यायची. एकदा दाराची कडी लावताना आपणहून म्हणाली, “मोकळी न्हाय वाडी. हाय कोणतरी.” आणि पांघरूण घेऊन निवांत झोपली. तशी झोपलेली मी तिला आधी कधीच पाहिली नव्हती. मला ते बघून फार, फार बरं वाटलं.

ती गेली तेव्हा खालच्या वाडीत वीज आली होती, पण वरच्या वाडीला निरोप अजून हाळीनंच. सकाळी सकाळी गेली, झोपेतच. घरात माणसं जमली, हे लंगडत सगळ्यांना काय हवं नको बघत होते. चढ त्यांना आता जमत नसे. म्हटलं, हिची हाळी दुसऱ्या कुणी नाही, मी देईन.

मधलीत घरांची जोती तेवढी उरली होती, त्यांवर रान वाढलेलं. काळ्या दगडावर उभी राहिले. वरच्या वाडीतला धूर दिसत होता. “मधलीवरनं सांगतोऽऽ” एवढं म्हणाले, आणि पुढं शब्दच फुटेना. ‘आत्ती गेली’ हे दोन शब्द मला म्हणवेनात. तिथंच बसून पोटभर रडले. मग पदरानं तोंड पुसून खाली आले आणि वर कुणाला तरी पाठवा म्हणून सांगितलं.

पाठवायची वेळच आली नाही. तिरडी बांधून व्हायच्या आत वरची वाडी अख्खी खाली उतरली, बायकापोरांसकट. पुढं रामा.

“तुम्हाला कुणी सांगितलं?” मी विचारलं.

“हाळी आली की. ‘आत्ती गेली, दुपारच्या आत या’ म्हणून.”

“कुणाच्या आवाजात?”

तो माझ्याकडं बघतच राहिला. “तुमच्याच की, मास्तरीणबाई. चांगली खणखणीत दिलीसा.”

मी ते शब्द उच्चारले नव्हते. आजही छातीवर हात ठेवून सांगते, नव्हते उच्चारले. माझा आवाज तर गोठ्यातल्या म्हशीपलीकडं कधी गेला नाही.

आता आम्ही कोल्हापुरात राहतो, मुलाकडे. सगळ्यांच्या हातात मोबाईल आहेत. या सगळ्याचा अर्थ मला लागलेला नाही, यांनाही लागला नाही, आणि लावून देणारा कुणी भेटलाही नाही. पण कधी त्या रस्त्यानं जाणं झालं की सोंडेच्या खाली मी मुलाला गाडीची काच उतरवायला सांगते. तो विचारतो, “आई, काय ऐकतेस?” मी म्हणते, “काही नाही.” माझी वेळ येईल तेव्हा वरच्या वाडीला कुणी फोन करायला विसरलं, तरी मधलीवरनं माझा निरोप पोचेल. तेवढं ठिकाण मी बघून ठेवलं आहे.