पिवळं पत्रक आणि बुधवारचा वर्ग

पत्रकातलं वाक्य न् वाक्य खरं असेल, तर ते वाटण्याआधी कुणाला विचारायची गरज असते का, सांगा?

पंचविसाव्या वर्षापर्यंत माझं उत्तर ठाम होतं. नाही. आमच्या घरी आई-वडील दोघंही यंत्रमाग कामगारांच्या युनियनमध्ये. मी अक्षरं ओळखायला शिकले ती पत्रकांवर. सुट्टीत गल्लीतल्या मुली पत्ते कुटायच्या, तेव्हा मी शाई न वाळलेल्या कागदांच्या घड्या घालत बसायचे. अन्याय दिसला की लिहायचं, छापायचं, गेटवर उभं राहून वाटायचं. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यालाच विचारत बसलो तर ते पत्रक कसलं, असं वडील म्हणायचे. 'ज्याच्याबद्दल' म्हणजे त्यांच्या मनात मालक असायचा. एवढी साधी गोष्ट कळायला मला मिशिगनमधला एक अख्खा हिवाळा लागला.

दोन हजार पाच साल संपत आलं होतं. मी तिथे केमिस्ट्रीत पीएचडी करत होते आणि दर बुधवारी दुपारी एका शिक्षणसंस्थेत फुकट काम करायचे. संस्था लहान. शाळा सुटल्यावर चर्चच्या तळघरात मुलांना वाचायला बसवायचं, प्रत्येक मुलाशेजारी एक मोठं माणूस, एवढंच तिचं काम. ही मोठी माणसं आणायची कुठून, हा कायमचा प्रश्न. मग विद्यापीठातली एक फ्रॅटर्निटी पुढे आली. फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या मुलांचं बंधुमंडळ. एका घरात राहतात, एकमेकांना ब्रदर म्हणतात, जॅकेटवर ग्रीक अक्षरं मिरवतात. ही फ्रॅटर्निटी आपल्याच मुलांची होती, भारतीय आईबापांच्या पोटी तिथेच जन्मलेल्या. संस्थेशी रीतसर करार झाला, फोटो निघाला आणि बुधवारी दुपारी त्यांची व्हॅन चर्चसमोर लागू लागली.

येणारे मात्र ब्रदर नसायचे, ब्रदर होऊ पाहणारे असायचे. त्यांना प्लेज म्हणत. प्लेजनी आठ आठवडे बरंच काही करून दाखवायचं असे, त्यात ठरावीक तासांची समाजसेवाही होती. पांढरा शर्ट, काळा टाय, उंचीनुसार रांग लावून ती मुलं तळघराच्या पायऱ्या उतरत आणि जाताना माझ्यापुढे कागद धरत. "मॅम, साइन प्लीज." आठ आठवड्यांनी ब्रदर व्हायचा समारंभ झाला की रांग नाहीशी. ब्रदरला तास लागत नाहीत. मग काही आठवडे कुणीच नाही, आणि त्यानंतर नवी रांग.

तिसरीतली एक मुलगी होती. आठ वर्षांची, समोरचा एक दात पडलेला, वर्गातही कोट न काढणारी. मे महिन्यात तिची वाचनाची परीक्षा होती. ती जमली नाही तर पुन्हा तिसरीत बसावं लागेल, असं शाळेने तिच्या आईला कळवलं होतं. तिची धाकटी बहीण दुसरीत होती. "मग आम्ही दोघी एकाच इयत्तेत," एवढंच ती मला म्हणाली आणि पेन्सिल कुरतडत राहिली.

दर बुधवारी वेगळे प्लेज पाठवले जात, त्यामुळे तिच्याशेजारी तोवर पाच जण बसून गेले होते. पाचही जणांनी कागदावर लिहिलं होतं, उत्तम वाचते. प्रत्येक जण बेडकाचं तेच पुस्तक घ्यायचा आणि पहिल्या पानापासून सुरू करायचा, कारण आपण कुठवर आलो होतो हे सांगायला आधीचा तिथे नसायचाच.

सहावा जवळच्याच नोव्हाय गावचा होता. वडील मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, आई मराठी मंडळात. मला ताई म्हणायचा, कारण तसं आईने बजावलं होतं. त्याने सहज पुस्तक मधूनच उघडलं. मुलगी गप्प. त्याने पान उलटलं. ती गप्पच. जाताना त्याने मला पायऱ्यांपाशी गाठलं.

"ताई, शी कान्ट रीड. ती पाठ म्हणते. फर्स्ट नाइन पेजेस."

"तुला कसं कळलं?"

"मी पण तेच करायचो ना! रविवारच्या मराठी शाळेत. अख्खी कविता म्हणायचो, सगळ्या काकू टाळ्या वाजवायच्या. एक वर्ड कळत नव्हता." तो हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण तू कोणाला सांगू नको हां. आय प्रॉमिस्ड हर."

तो ब्रदर झाला, आणि पुढच्या बुधवारी एकटाच आला. सहीचा कागद न घेता.

बाकीचे आले नाहीत. मी अध्यक्षाला गाठलं. तो न्यू जर्सीतल्या पार्सिपनीचा, तोंडात कायम च्युइंग गम.

"तुमची मुलं आठ आठवड्यांनी पळून जातात," मी म्हटलं.

"आंटी, चिल. पळत नाहीत, ब्रदर होतात. वी विल सेंड बेटर गाइज, यार."

मी पंचवीस वर्षांची होते. त्या 'आंटी'चा राग पत्रकात उतरला नाही, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

फेब्रुवारीत त्यांचा नाचगाण्यांचा मोठा कार्यक्रम होता. पालक लांबून गाड्या घेऊन आले होते. मी पिवळ्या कागदावर प्रती काढल्या आणि पार्किंगमधल्या प्रत्येक गाडीच्या वायपरखाली एक सरकवली. मथळा होता, 'तासांसाठी मुलं'. त्यात तिसरीतल्या एका मुलीवर चार ओळी होत्या. नाव नव्हतं. पाच वाचक होते, बेडूक होता, पाठ केलेली नऊ पानं होती. शेवटचं वाक्य इंग्रजीत अगदी आखूड केलं होतं. ती वाचू शकत नाही. इतकं धारदार वाक्य मी त्याआधी लिहिलं नव्हतं, आणि तसं मला तेव्हा वाटलंही.

पत्रकाने काम केलं. पालकांनी फोन केले, ब्रदर चिडले, आठवड्याच्या आत फ्रॅटर्निटीचं पत्र आलं. करार स्थगित, कुठल्याही ब्रदरने तिकडे जाऊ नये. संस्था चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी पत्र आणि पत्रक टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं.

"यातली एकही ओळ खोटी नाही," त्या म्हणाल्या. "आता बुधवारी चौदा मुलांशेजारी कोण बसणार?"

"मी बसेन."

"एकाशेजारी," त्या म्हणाल्या, आणि चष्मा काढून डोळे चोळत राहिल्या.

त्या बुधवारी मुलांना चित्रांसाठी कागद हवे होते. माझ्या पिशवीतली उरलेली पत्रकं कुणीतरी ओढून वाटली. मागची बाजू कोरी होती ना. माझं लक्ष गेलं तेव्हा त्या मुलीने कागद छापील बाजूला उलटला होता आणि ओळीखाली बोट ठेवलं होतं.

"शी... कॅन... नॉट... रीड."

मला आनंद झाला. हे लपवण्यात अर्थ नाही. क्षणभर मला फक्त आनंद झाला, कारण पाठ नसलेलं वाक्य ती वाचत होती. मग तिने मान वर केली.

"ही मी आहे."

"त्यात कुणाचं नाव नाही गं," मी म्हटलं.

"बेडूक आहे," ती म्हणाली.

तिने कागदाची घडी करून कोटाच्या खिशात घातली. मी शेजारी बसले तर तिने पुस्तक मिटून घेतलं. पुढच्या बुधवारी उघडलंच नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "मिस, तुम्ही लिहून ठेवाल."

नोव्हायच्या मुलाचा फोन त्याच आठवड्यात आला.

"ताई, तू मला विचारलं का नाहीस?"

"सगळं खरं होतं."

"आय नो खरं होतं! मीच सांगितलं तुला." मग तो सावकाश बोलू लागला. "दर रविवारी आमची मीटिंग असते. दोन महिने मी तेच बोलत होतो. तास वर्षभर मोजा, ब्रदर्सनी पण यायचं. मला फक्त दोन व्होट्स कमी होते, ताई. आता तिकडचं नाव काढलं तरी म्हणतात, जा, तुझ्या ताईला सांग, ती छापेल."

मालकाविरुद्ध पत्रक काढलं तर माग सुरू राहतो की बंद पडतो याचा विचार आमच्या घरी नेहमी व्हायचा. मी तेवढंच विसरले होते.

बंदी मोडून तो येऊ लागला, ग्रीक अक्षरांचं जॅकेट घरी ठेवून. व्हॅन मिळणं शक्य नव्हतं आणि बस अर्धा तास उशिरा पोचायची, म्हणून त्याला आणायचं-सोडायचं काम माझ्याकडे आलं. मी खोलीत असले की मुलगी वाचत नसे. मग मी बाहेर पायरीवर बसायचे, पेपर तपासत. आतले शब्द ऐकू यायचे नाहीत, मधली शांतता तेवढी कळायची. मार्च, एप्रिल. मधली शांतता लहान होत गेली. उरलेल्या मुलांपैकी निम्मी यायची बंद झाली. ती त्या दुपारी कुठे जातात, हे मी कुणाला विचारलं नाही.

मेमध्ये ती परीक्षेत थोडक्यात नापास झाली. सप्टेंबरपासून दोघी बहिणी तिसरीत. त्याने मला फोनवर सांगितलं आणि लगेच म्हणाला, "वेन्सडेला गाडी आहे ना तुझी?" दुसरं वर्षही आम्ही तसंच काढलं. तो आत, मी पायरीवर. तिने मला माफ केलं की नाही ते माहीत नाही. ती चौथीत गेली, एवढं माहीत आहे.

मी अजून पत्रकं लिहिते. पूर्वीसारखी एका बैठकीत होत नाहीत. आता मध्ये उठावं लागतं, एखाद्याला फोन करावा लागतो, आणि पुष्कळदा तो माणूस म्हणतो की माझं नको घालू. मग ओळ जाते. थकायला होतं.

हे वाचणारे तुमच्यातले बरेच जण कुठल्या ना कुठल्या मंडळात असाल. दिवाळीला वह्या वाटत असाल, एखाद्या शनिवारी शाळेत जाऊन मुलांसोबत फोटो काढत असाल. तुम्हाला दोष देत नाही. दोष देऊन काय होतं ते मी पाहिलंय. एकच मागते. या आठवड्यात जवळच्या शाळेला किंवा लायब्ररीला फोन करा, आपला एक वार सांगा, आणि त्या वारी शाळेचं वर्ष संपेपर्यंत एकाच मुलाशेजारी जाऊन बसा. जमणार नसेल तर त्या मुलाला भेटण्याआधी, पहिल्याच फोनवर, नाही म्हणा.