सरोजाक्कांच्या नावावर टाकलेली चूक

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला सांगणार होते, एकदा सुरुवातही केली होती — मग भलतंच काहीतरी बोलत बसले. तुम्हाला का सांगतेय? बहुतेक तुम्ही सरोजाक्कांना ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर माझी जीभ रेटली नसती.

नव्वदच्या दशकातली, बेंगळुरातली गोष्ट. जयनगरात एका घराच्या माडीवर आमची सात जणांची सॉफ्टवेअर कंपनी होती. लहान दवाखान्यांसाठी आम्ही एक प्रोग्रॅम लिहीत होतो — पेशंटची नोंद करायची, लॅबचा रिपोर्ट त्याच्या नावावर चढवायचा, छापून द्यायचा. विकायला काढण्याआधी तो खऱ्या माणसांनी खऱ्या कामात वापरून बघणं गरजेचं होतं. बनशंकरीतलं एक नर्सिंग होम दोन महिन्यांसाठी तयार झालं. रोज तिथे जाऊन बसायचं, कोण कुठे अडतंय ते टिपायचं, हे माझं काम. मला कन्नड येत होतं, आणि तिथल्या नोंदणीच्या बाई घरी मराठी बोलायच्या, म्हणून मला पाठवलं.

त्या बाई म्हणजे सरोजाक्का. पन्नाशी उलटलेली. त्यांचे पूर्वज इकडे कधी आले ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असायचं. बावीस वर्षं त्या तिथली रजिस्टरं लिहीत होत्या. कॉम्प्युटरला पहिल्यांदा हात लावला तेव्हा एका बोटाने बटण दाबून माझ्याकडे बघायच्या. “सरी का गं, वसू?” — म्हणजे बरोबर का. तीन आठवड्यांत त्यांचा हात माझ्यापेक्षा भरभर चालायला लागला. तरी रजिस्टर सोडलं नाही. दोन्हीकडे लिहायच्या. माझ्यासाठी दुसऱ्या डब्यात चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, आणायच्या.

एक दिवस म्हणाल्या, “वसू, नावं आपोआप बदलतात गं.”

मी हसले. अशी तक्रार नवीन माणूस करतोच, असं आम्ही ऑफिसात बोलायचो. त्यांनी चार दिवसांनी परत सांगितलं. मी वहीत लिहून घेतलं — म्हणजे तसं दाखवलं. कारण नोंद साठवण्याचा तो भाग मी लिहिला होता. माझी पहिली नोकरी. कंपनीच्या मालकांनी, आमच्या सरांनी, सगळ्यांसमोर त्या कामाचं कौतुक केलं होतं. हे आधीच सांगायला हवं होतं, नाही का? बघा, अजूनही मी ते मागेच ठेवते.

मग एका दुपारी लॅबमधला माणूस जेवायला गेला होता आणि त्याच्या कॉम्प्युटरवर मी बसले होते. मी बटण दाबलं, त्याच क्षणी वर नोंदणीच्या टेबलावर सरोजाक्कांनी दाबलं असणार. माझ्या डोळ्यांसमोर एका बाईच्या रिपोर्टवर दुसरीचं नाव आलं. मला समजलं नाही, असं म्हणता येईल? सगळं समजलं. दोन ठिकाणांहून एकदम नोंद झाली की नावं अदलाबदल होत होती. मी स्क्रीन बंद केला आणि डबा खायला गेले.

गुपचूप दुरुस्त करू, असं ठरवलं. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी एका गरोदर बाईला दुसरीच्याच रक्ताचा रिपोर्ट दिला गेला. पकडला कुणी? सरोजाक्कांनीच. रजिस्टरशी ताडून बघितलं आणि फाटकापर्यंत धावत जाऊन कागद परत आणला. पण डॉक्टरांच्या कानावर गेलंच.

त्यांनी आमच्या सरांना बोलावून घेतलं. खोलीत आम्ही चौघं — डॉक्टर, सर, मी, आणि दाराशी उभ्या सरोजाक्का. सरांनी मला विचारलं, “प्रोग्रॅमची चूक आहे की माणसाची?”

मी म्हणाले, “नाव टाइप करताना चुकलं असेल. अजून सवय नाही ना त्यांना.”

सरोजाक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या असत्या तर — पण त्या रागावल्या नव्हत्या. त्या आठवत होत्या. आपण खरंच काय टाइप केलं, ते आठवायचा प्रयत्न करत होत्या.

त्यांना नोंदणीवरून काढून चादरी-टॉवेलांचा हिशेब ठेवायला बसवलं. त्याच आठवड्यात मी प्रोग्रॅम दुरुस्त केला. नावं बदलायची थांबली. मग काय, सगळ्यांची खात्रीच पटली — बाई हलल्या, चुका थांबल्या. माझ्या खोट्याला पुरावा मिळाला.

एकदा जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, “आमच्या अम्माचं पण असंच सुरू झालं होतं. आधी नावं गेली. शेवटी मला पण ओळखत नव्हती.” मी काय म्हणावं? “स्वल्प विश्रांती घ्या, अक्का,” असं म्हणाले. पुढच्या महिन्यात त्यांनी नोकरी सोडली. आमचा प्रोग्रॅम चांगला चालला. मला बढती मिळाली.

काही वर्षांनी बसस्टॉपवर दिसल्या. मुलीने कोपर धरलं होतं. त्यांनी माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली, म्हैसूरला गेलेल्या भावाची नाव घेऊन केली. काही म्हणजे काही विसरल्या नव्हत्या. मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, “अम्मा एकटी बाहेर पडत नाही. गॅस पेटवत नाही. नातवाला एकटी घेऊन बसत नाही — कुठेतरी ठेवून विसरेन म्हणते. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही. तिला पटतच नाही.”

एक वाक्य पुरलं असतं. तिथेच, उभ्या उभ्या. मी म्हणाले, “माझी बस आली.” बस आली नव्हती. मी रस्ता ओलांडून चालायला लागले.

त्या गेल्याचं मला चार महिन्यांनी कळलं. मी त्यांच्या घरी जाऊन आले. मुलीने कॉफी दिली, ती प्यायले, फोटोला नमस्कार केला. तेव्हाही बोलले नाही.

सरोजाक्कांनी त्या दिवशी नाव बरोबर टाइप केलं होतं. चूक मी लिहिलेल्या प्रोग्रॅमची होती, मला ती माहीत होती, आणि मी ती त्यांच्या नावावर टाकली.