सरकून केलेली जागा

आमच्या चर्चमध्ये बायका डावीकडे बसतात, पुरुष उजवीकडे. दुसरी घंटा झाली की म्हातारी सगुणामावशी बाकावर थोडी सरकते. माझ्या बायकोसाठी. मार्था नेहमी उशिरा यायची. ती पावसाळ्यात गेली, तरी आजही मावशी सवयीने सरकलीच.

भंगाराचा धंदा मी शून्यातून उभा केला. घासाघीस केल्याशिवाय कधी काही घेतलं नाही. दवाखान्यात प्रभूशीही केली: माझं हवं ते ने, हिला ठेव. त्याने उलट भावसुद्धा सांगितला नाही. मी अजूनही दर रविवारी येतो, पण तेव्हापासून प्रार्थनेला मान झुकवत नाही.

आज ती हातभर रिकामी जागा बघवेना. मी उठून तिथे जाऊन बसलो.

"भाऊ, ही बायकांची बाजू आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"बसू दे. त्याच्याच घरची जागा आहे," मावशी म्हणाली. मग हळूच मला म्हणाली, "प्रभूशी भांडण मिटलं का रे?"

"नाही."

"मग इथेच बस. जवळून भांड."

गीत सुरू झालं. मी गायलो नाही, पण उठून जावंसंही वाटेना. मावशी आणखी थोडी सरकली. माझ्या शेजारी अजून एका माणसापुरती जागा झाली.