वाऱ्याचा कसूर नाही

विमानं कशाने पडतात याविषयी मोठ्या देशांतल्या जाणकारांचं काय मत असेल ते असो. निजामी अमदानीत जालन्याबाहेरच्या आमच्या मैदानावर ती आतोबांच्या आदरातिथ्याने पडत असत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. जुन्या जालन्यात कापडाचं दुकान, आष्टीला काळीभोर जमीन, अंगात बारमाही शेरवानी, आणि येणाऱ्या माणसाचं स्वागत करणं हा एकच धंदा मनापासून केलेला. येणारा कोण, हा प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम होता. तालुकदार, तहसीलदार, जंगलखात्याचे साहेब हे तर झालेच. पण देवीची लस टोचायला येणाऱ्या माणसापुढेही त्यांनी ताशा वाजवला होता, आणि त्या आवाजाने सावध झालेली गावातली निम्मी पोरं शिवारात पसार झाली होती. एकदा स्टेशनावर भलत्याच माणसाला हार पडला. साहेबांची गाडी चुकली होती आणि त्यांच्या डब्यातून उतरला होता एक उंचापुरा अत्तरवाला. चूक ध्यानात आली तेव्हा आतोबांचं भाषण निम्म्यावर आलं होतं. त्यांनी ते पूर्ण केलं. अत्तरवाल्याने डोळे पुसले आणि हजर असलेल्या सगळ्यांच्या मनगटाला अत्तर लावलं. परतताना आतोबा मला म्हणाले, "गळा कोणाचा का असंना बापू, हार वाया गेला न्हाई." आत्याला या थोरपणाचं कौतुक बेताचंच होतं. "जगाच्या वाटंवर कमानी बांधून राह्यलेत," ती म्हणे, "अन् घरच्या न्हाणीला दार न्हाई."

या सगळ्यामागे एक इच्छा होती. औरंगाबादच्या दरबारात आतोबा वर्षानुवर्षं सतरंजीवर बसत आले होते. त्यांना खुर्ची हवी होती. खुर्चीवर बसणाऱ्याला सतरंजीवर बसणाऱ्यापेक्षा वेगळं काय दिसतं, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "सतरंजीवाले दिसतात ना."

अशा माणसाच्या गावात आकाशातून पाहुणे उतरू लागले, तेव्हा जे व्हायचं ते झालं. मैदान म्हणजे काळ्या रानाचा सपाट केलेला एक तुकडा, टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी टांगलेला खांब, आणि कडेला दगडू राखणदाराची झोपडी. पहिलं विमान एका जहागीरदाराच्या हौशी मुलाचं. पाहुण्याला सामोरं जावं ही आपली रीत. आतोबा वाजंत्र्यांसह सामोरे गेले ते थेट विमान उतरायच्या पट्टीवर. सनईवाल्याला चुकवायला म्हणून विमान वळलं आणि शेजारच्या ज्वारीत जाऊन बसलं. माणसं शाबूत होती. चौकशी झाली. जहागीरदारपुत्राला चालवता येत नव्हतं असं म्हणण्याची सोय नव्हती, मैदान सरकारी असल्यामुळे ते निर्दोष होतं, आणि आतोबा तर स्वतःच पंच होते. तेव्हा कसूर वाऱ्याचा ठरला. वाऱ्याला वकील नसतो.

दुसऱ्या खेपेला आतोबांनी पट्टीवर कमान उभारली. दुकानातले लाल कापडाचे तागे, आंब्याचे डहाळे, वर जरीच्या अक्षरांत 'खुश आमदीद'. मी विचारलं, यातून विमान जाईल का? ते चिडले. "तालुकदारांची मोटर गेल्ती बराबर. कडब्याची गाडी गेल्ती. याहून रुंद काय असतं?" विमानाला पंख असतात, ही गोष्ट त्यांना ठाऊक होती, पण दारात आल्यावर पाहुणा ते मिटून घेईल अशी त्यांची समजूत असावी. विमान नाकावर 'खुश आमदीद' घेऊन बरंच पुढे जाऊन थांबलं. पंचांनी पुन्हा वाऱ्यालाच दोषी धरलं. वारा एव्हाना आमच्या तालुक्यातला नामांकित गुन्हेगार झाला होता.

मग हैदराबादेहून एक फार मोठे अंमलदार यायचे ठरले. त्यांना धुळीचा तिटकारा आहे अशी बातमी पुढे आली होती, आणि हे स्वागत नीट पार पडलं की खुर्ची नक्की, असं तहसीलदारांनी आतोबांना सांगितलं होतं. कमान नाही, वाजंत्री नाही, असं आतोबांनी स्वतःहूनच ठरवलं, पण धूळ? पहाटेपासून त्यांनी पट्टीवर पखालींनी पाणी मारलं. दगडू उत्साहाने भिस्त्यांच्या पुढे धावत होता. "मालक, त्या टोकाला अजून मारू का? तिकडं जरा उडून राह्यलीय!" "मार, जल्दी मार!" विमान आलं, टेकलं, चाकांना काळ्या चिखलाचे गोळे चढले, आणि शेपूट आकाशाकडे करून त्याने जालन्याच्या भूमीला लोटांगण घातलं. अंमलदार बाहेर आले ते बिनटोपीचे. टोपी पुढे चिखलातून खणून काढावी लागली.

या खेपेला अडचण अशी झाली, की वारा हजर नव्हता. कापडी पिशवी खांबाला वाळत टाकलेल्या धोतरासारखी लोंबत होती. तेव्हा कसूर माणसाचा ठरवणं भाग होतं, आणि तिथे सगळ्यांत लहान माणूस दगडू. त्याने पट्टी राखली नाही, म्हशींना पाणी पाजताना ओल होऊ दिली, असं तहसीलदारांनी जुळवत आणलं. नोकरी जाणार होती, झोपडी जाणार होती, वर हवालात. शामियान्यात दगडू हात जोडून उभा, बाहेर त्याची बायको तान्ही पोर घेऊन बसलेली. "पानी किसने डाला?" चौकशीच्या साहेबांनी विचारलं. दगडूने आतोबांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पंच शामियान्याचं छत न्याहाळू लागले.

आतोबा उठले. शेरवानीची बटणं चाचपली, आणि सवयीप्रमाणे "मेहेरबान, गरीबपरवर..." अशी सुरुवात केली. मग थांबले. मी त्यांना भाषणात थांबलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"पाणी मी टाकलं," ते म्हणाले. "ती कमान बी माझीच होती. त्याआधीची वाजंत्री बी माझीच. दगडूचा काही कसूर न्हाई." आणि जरा वेळाने, जणू एक जुनी बाकी राहून गेली होती, "वाऱ्याचा बी न्हाई. उगंच त्याचं नाव खराब करून राह्यलो आपण."

साहेबांनी विचारलं, शेती असलेल्या माणसाला काळी माती कळू नये? "बैल घालायचा असता तर कळलं असतं साहेब," आतोबा म्हणाले. "पाहुणा यायचा म्हटलं, की मला माती दिसतच न्हाई."

दगडू सुटला. विमान येईल त्या दिवशी आतोबांनी मैदानात पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम झाला. खुर्ची एका तेलाच्या व्यापाऱ्याला गेली. आत्याने त्या रात्री पुरण घातलं.

पुढे आमच्या मैदानावर विमानं इतकी बिनबोभाट उतरू लागली, की लोकांचं बघायला जाणंच थांबलं. आतोबा मात्र जात. तारेच्या कुंपणाबाहेर, रस्त्याच्या पुलावर, शेरवानी घालून, मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला हार. पाहुणे मोटरीत बसून धुरळा उडवत निघून गेले, की दगडू तारेपाशी येई आणि मान वाकवून म्हणे, "उतरलं मालक, बिलकुल सुखरूप." हार त्याच्या गळ्यात पडे. हार वाया गेला असं कधी झालं नाही.

आतोबांना शेवटचं नेलं तेव्हा उन्हाळा होता. वाटेवर फुफाटा फार, म्हणून कोणीतरी घागर घेऊन पुढे पाणी शिंपडायला निघालं. हातात हार घेऊन चालणाऱ्या दगडूने त्याचा हात धरला.

"नको बाबा," तो म्हणाला. "काळी माती हाय. मालकांना सुखरूप उतरू दे."