पाहुण्यांचा नमस्कार

१९८६ साली बाळासोंच्या इंजिन कारखान्यात स्कोप आला आणि तो सांभाळणाऱ्या यज्ञेश्वरची मान ताठ झाली. चालत्या इंजिनाचं चित्र हा डबा पडद्यावर रेघांनी काढी आणि बटण दाबलं की पोटात ठेवी. पोट मात्र एवढंसं. चार चित्रांनी भरायचं. पुढचं ठेवायचं तर आधीचं एक पुसावं लागे. कुठलं पुसायचं, ते यज्ञेश्वर ठरवी.

इंजिनांची चाचणी गैबी घेई. एकदा त्याचं इंजिन सुसाट सुटलं आणि फुटलं. पडद्यावर वेग वाढवायच्या लिव्हरची रेघ सपाट होती, वेगाची मात्र सुळकन वर गेलेली. गैबीनं लिव्हरला हातही लावला नव्हता. "मालक गावाहून आले की दाखवू," म्हणत यज्ञेश्वरनं ते चित्र ठेवलं.

दुसऱ्या दिवशी यज्ञेश्वरच्या मुलीला, कालिंदीला, बघायला कुरुंदवाडचे पाहुणे आले. पाहुणचारात कमी पडायचं नाही, हा आपला कोल्हापुरी रोग. पोहे झाले, पान झालं, तरी याचं समाधान होईना. त्यांना थेट कारखान्यात नेऊन त्यानं स्कोपला माईक जोडला. "बोला पावणं, तुमचा आवाज दाखवतो!"

मुलाचे वडील खाकरून "नमस्कार" म्हणाले. पडद्यावर रेघ नाचली.

"ऱ्हातोय व्हय ह्यो आत?"

"राहतो की!" फुशारकीत यज्ञेश्वरनं बटण दाबलं. कुठलं चित्र पुसलं, ते पाहिलंसुद्धा नाही.

मालक परतले आणि त्यांनी गैबीला फैलावर घेतलं. "लिव्हर वडून चहाला गेलतास, कबूल कर की!"

"न्हाय मालक. दादांनी चित्र ठेवलंय. इचारा त्यास्नी."

यज्ञेश्वरनं स्कोप लावला. गैबीच्या चित्राच्या जागी पाहुण्यांचा नमस्कार होता. खरं सांगावं तर नोकरी जाणार, आणि बेकार बापाच्या मुलीला कोण करून घेणार? "बटण नीट लागलं नसावं," तो पुटपुटला. बोलता बोलताच त्याला स्वतःची किळस आली.

गैबीनं पडद्याकडे पाहिलं. "दादास्नी काय बोलू नगा, मालक. मशीन हाय, चुकायचंच."

गैबीला चाचणीवरून काढून ओतकामाची वाळू चाळायला धाडलं. कालिंदीचं लग्न ठरलं. यज्ञेश्वर पेढे वाटत वाळूच्या ढिगापाशी आला, तेव्हा गैबीनं सदऱ्याला हात पुसून पेढा घेतला.

"लई ब्येस झालं, दादा. पावण्यास्नी आपलं मशीन दावलं म्हणं. आवडलं न्हवं?"

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. यज्ञेश्वर कसाबसा "आवडलं" म्हणाला आणि पेढ्यांचा डबा तिथंच ठेवून निघाला.