थपडेचा धनी

त्याला सगळे ढोल म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. बाकी सगळीकडे ढोलच चालायचं. अंगानं गोल, पोट चार पावलं पुढे, आणि गाल इतके भरलेले की हसताना डोळे पार बुडून जायचे. नाटक कंपनीच्या जाहिरातीवर त्याच्या शेजारी एक उंच, किडकिडीत, लांब हातांचा माणूस असायचा. तो काठी. ढोल-काठी ही जोडी शहरात इतकी ओळखीची झाली होती की दोघांपैकी एकटा कोणी रस्त्यात भेटला तर लोक आधी दुसऱ्याची चौकशी करत.

रंगमंचावर येण्याआधी ढोल पुस्तकं बांधायचा. बांधणीच्या कारखान्यात छापलेले फर्मे, म्हणजे कित्येक पानांचे मोठे ताव, सुटे यायचे. त्यांच्या घड्या घालायच्या, शिवायचे आणि पुठ्ठ्यात बसवायचे. घड्या घालता घालता तो वाचायचा. पण एका पुस्तकाचे सगळे फर्मे एकाच टेबलावर येत नसत, त्यामुळे त्यानं ढीगभर पुस्तकं वाचली ती मधूनच. खून कोणाचा झाला हे त्याला ठाऊक असायचं, केला कोणी ते नसायचं. विचारवंतांच्या शंका त्याच्या वाट्याला यायच्या आणि उत्तरं पलीकडच्या टेबलावर जायची. काठी तिथे एक फाटकं पुस्तक बांधून घ्यायला आला होता. कॉलेज अर्ध्यावर सोडलेलं, तर्कशास्त्राचं वेड डोक्यात बसलेलं. ढोलनं सहज विचारलं, याच्या शेवटच्या प्रकरणात काय आहे हो? काठी सांगायला लागला तो कारखान्याला कुलूप लागलं तरी फुटपाथवर उभा राहून सांगतच होता. मैत्री तिथे जमली. नाटकात दोघं नंतर शिरले, काठीच्या ओळखीनं आणि निव्वळ गंमत म्हणून.

गमतीचा धंदा झाला तो एका थपडेवर. प्रवेश अगदी साधा होता. काठी साहेब, ढोल त्याचा नोकर. साहेब काहीतरी विचारतो, नोकर प्रामाणिकपणे नको ते खरं उत्तर देतो, आणि साहेब त्याच्या कानशिलात भडकावतो. नाट्यगृह डोक्यावर घ्यायचे लोक. खरी गोष्ट अशी की काठीचा तळवा गालापासून बोटभर अंतरावर थांबायचा. ढोल घाबरल्यासारखे दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून उभा असायचा आणि नेमक्या त्या क्षणी हात एकमेकांवर आपटायचा. म्हणजे थपडेचा आवाज थप्पड खाणाराच काढायचा. इतक्या वर्षांत काठीचं नखसुद्धा त्याला लागलं नव्हतं.

प्रयोग संपला की दोघं आरशासमोर बसून चेहऱ्यावरचा रंग पुसत आणि भांडत. माणूस का हसतो, हा त्यांचा कायमचा विषय. काठी म्हणायचा, दुसरा पडला आणि आपण उभे आहोत, या समाधानाला लोक हसणं म्हणतात. ढोलला ते पटायचं नाही. पडणाऱ्यात माणूस स्वतःला बघतो, आपणही असेच कुठेतरी आपटलेलो असतो, म्हणून तो हसतो, असं त्याचं म्हणणं. काठी आठवड्याला नवं पुस्तक आणायचा, त्यातल्या मतांचा कीस पाडायचा, आणि ढोल त्याला आजच्याच प्रयोगातला दाखला द्यायचा: तिसऱ्या रांगेतले ते टकलू गृहस्थ बघितलेस का, थप्पड मला बसली आणि गाल त्यांनी चोळला. काठी ते काही कबूल करायचा नाही. कपडेपटातली माणसं या दोघांना हसायची. विनोदी नट एवढे गंभीर कसे, याचंच त्यांना नवल.

ढोलची बायको प्राथमिक शाळेत शिकवायची. काठीचं लग्न झालेलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तो यांच्याकडेच जेवायचा. अशाच एका दुपारी वाढता वाढता ती सहज बोलून गेली की मधल्या सुट्टीत पोरं ढोल-काठी खेळतात. ढोल खूश झाला. मग ती म्हणाली की काठी रोज नवा असतो, ढोल मात्र एकच आहे, वर्गातला एक गरीब, जाडसर मुलगा. त्याचे गाल लाल झालेले बघून तिनं त्याला जवळ घेऊन विचारलं होतं, तू कोणाला काही बोलत का नाहीस रे?

"काय म्हणाला माहितेय?" ती म्हणाली. "म्हणाला, बाई, मी ढोल आहे ना."

ढोल हसला. हसू तोंडातून सुटलं आणि मग त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं. काठीचा घास हातातच राहिला. त्यानं त्या मुलाचं नाव विचारलं नाही, ताट तसंच ठेवून हात धुवून आला.

"भावजी, मी काही तुम्हाला बोल लावत नव्हते," ती म्हणाली.

"मला कळलं, वहिनी," काठी म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या खोलीत त्यानं सांगून टाकलं की तो यापुढे थप्पड मारणार नाही. ढोलनं आधी थट्टेवर नेलं. मग समजावलं. आपण कोणाला मारतच नाही. आवाज माझा, गाल माझा, तक्रार मी करत नाही, तर तुझा हात का दुखतो? काठी म्हणाला की आपण मारत नाही हे आपल्या दोघांनाच माहीत आहे. बघणाऱ्याला फक्त हात दिसतो. ढोल म्हणाला, पोरं तशीही मारामाऱ्या करतातच. त्यावर काठीनं जे उत्तर दिलं ते ढोलच्या जिव्हारी लागलं.

"तू थप्पड खाणारा आहेस, म्हणून तुला तुझा मोठेपणा दिसतो. मला माझा हात दिसतो."

मालकांनी, म्हणजे कंपनी चालवणाऱ्या गृहस्थांनी, या वादात पडायचं नाकारलं. तिकिटं विकली गेली आहेत, प्रवेश होईल, एवढंच म्हणून ते निघून गेले. काठी नकारार्थी मान हलवत राहिला. ढोलला वाटलं, स्टेजवर उभा राहिला की करेल आपोआप. हाताला सवय असते.

प्रवेश ठरल्याप्रमाणे चालला. प्रश्न झाला, उत्तर झालं, काठीचा लांब हात वर गेला आणि तिथेच थांबला. ढोलनं पोटाशी हात धरले होते. काठीनं हात हळूच खाली आणला आणि नोकराची कॉलर नीट केली. प्रेक्षागृहात चिडीचूप. कोणीतरी खोकलं. आयुष्यात पहिल्यांदाच ढोलला ती हजार माणसं अनोळखी वाटली. मागच्या रांगेतून एकजण ओरडला, "मार की!" मग दुसरा, मग बाल्कनी, आणि बघता बघता सगळं नाट्यगृह टाळ्यांच्या ठेक्यावर एकच शब्द म्हणायला लागलं. काठी हात मागे बांधून उभा. चेहऱ्यावरचा रंग घामानं ओघळत होता.

ढोलनं विचार केला नाही. त्यानं स्वतःचा उजवा हात उचलला आणि स्वतःच्या गालावर सणसणीत मारली. या वेळी आवाज काढायला दुसरा हात नव्हता, त्यामुळे थप्पड खरी होती. छप्पर उडेल असं लोक हसले. ढोलच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या हशाची ऊबही अंगभर पसरली. काठीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग तो विंगेतून आत गेला, तिथून मागच्या दारानं रस्त्यावर, रंग न पुसता.

त्यानंतर त्यांचं बोलणं बंद झालं. काठीला वाटत होतं की ढोलनं त्याला भर सभेत खोटं पाडलं. ढोलला वाटत होतं की आपण प्रयोग सावरला, आणि त्यानं आपल्याला वाऱ्यावर सोडलं. दोघांनाही आपलंच खरं वाटत होतं, आणि ते पटवून द्यायला समोर दुसरा नव्हता. काठीनं एका छापखान्यात मुद्रितं तपासायची नोकरी धरली असं ढोलच्या कानावर आलं. बायको म्हणाली, जाऊन या एकदा. त्यानं कानाडोळा केला.

मालकांनी नवा काठी आणला. तरणाबांड, देखणा, खणखणीत आवाजाचा. पुस्तकाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. प्रयोग संपला की तो रंग पुसून शीळ घालत निघून जायचा. आरशासमोर ढोल एकटाच बसायचा. हशा कुठे आला, कुठे पडला, हे सांगायला कोणी नाही. कधी कधी तो मनातच काठीची बाजू घेऊन स्वतःशी वाद घालायचा आणि हरायचा.

नव्या पोराला थपडेचं अंतर काही जमेना. ढोल रोज सांगायचा, डोळे माझ्या गालावर ठेव, लोकांकडे बघू नकोस. पण त्याचं अर्धं लक्ष समोरच्या रांगांकडे. व्हायचं ते झालं. एका दुपारच्या खेळाला त्याचा हात पूर्ण वेगानं ढोलच्या डाव्या कानावर बसला. ढोल आडवा झाला. कानात शिट्टी वाजू लागली आणि तिच्यापलीकडे दूर कुठेतरी लोक हसत होते. तो उठेना तसतसं हसू वाढत गेलं. त्याच्या उभ्या आयुष्यात एवढा मोठा हशा त्याला मिळाला नव्हता. फळीवर गाल टेकून त्यानं पहिल्या रांगेकडे पाहिलं. उघडी तोंडं, पुसले जाणारे डोळे. इतकी वर्षं छातीठोकपणे सांगितलेली गोष्ट तो त्या चेहऱ्यांवर शोधत होता. कोणाचाही हात स्वतःच्या गालाकडे गेला नाही.

कानाचा पडदा फाटला होता. डॉक्टरांनी तपासलं, औषधं दिली, आणि शेवटी सांगितलं की या कानाचं आता काही व्हायचं नाही. तो पोरगा दवाखान्यात येऊन रडला. ढोलनं त्याला माफ केलं. त्याच्यावर राग धरायला तो पुरेसा जवळचा नव्हता.

काठी घरी आला तेव्हा ढोल खिडकीशी बसला होता. वहिनींनी खुर्ची दिली, ती नेमकी डाव्या बाजूला. काठी बराच वेळ खाली मान घालून बोलत राहिला. ढोलला ओठ हलताना दिसत होते, बाकी गुणगुण. त्यानं त्याला संपवू दिलं.

"आता हे सगळं या बाजूला येऊन परत सांग," तो म्हणाला. "इकडचं दुकान बंद आहे."

काठी उठला, खुर्ची उचलून उजवीकडे आला, पण परत सांगणं त्याला जमेना. एकदा धीर करून आणलेले शब्द संपले होते. मग ढोलच बोलला, शांतपणे, पण मनात किती दिवस आंबलेलं.

"तू तुझा हात स्वच्छ ठेवलास. चांगलं केलंस. पण तू असतास तर हे झालं नसतं. तुझा हात मला कधी लागला नव्हता रे."

वाद घालायची काठीची जन्माची खोड, पण त्या दिवशी तो नुसता बसून राहिला. वहिनींनी चहा आणला तो दोघांनी थंड करून प्यायला. जाताना काठीनं विचारलं, उद्या येऊ का? ढोल म्हणाला, ये. राग गेला होता असं नव्हे. राग त्याच खोलीत होता, आणि दोघांनी त्याच्यासकट बसायचं ठरवलं इतकंच.

ढोलनं कंपनी सोडली. कंपनीही पुढे फार चालली नाही. त्याला एका अभिनयशाळेत मुलांना पडायला शिकवायचं काम मिळालं: गुडघा आधी, मग कूस, डोकं शेवटी. संध्याकाळी काठी छापखान्यातून यायचा, उजव्या बाजूला बसायचा आणि मोठ्यानं वाचायचा. आता ढोलला पुस्तकं शेवटापर्यंत ऐकायला मिळत होती, आणि बरेचसे शेवट त्याला आवडत नसत. त्या बैठकांतूनच दोघांनी एक छोटं नाटक रचलं. त्यात कोणी कोणाला मारत नव्हतं, पडत नव्हतं. दोन म्हातारे एका बंद दारासमोर उभे आहेत आणि आधी कोणी वाजवायचं यावर बोलतात, एवढंच. वाचनालयाच्या सभागृहात दुपारी प्रयोग झाला. जुन्या ओळखीनं लोक आले आणि सुरुवातीपासून थपडेची वाट बघत राहिले. निम्मे मधूनच उठून गेले. उरलेले अधूनमधून हसले, शिष्टाचारानं.

फक्त एकदा, शेवटाकडे, ढोल दाराला हात लावून म्हणतो, "आत कोणी असेल असं मला वाटत नाही, पण आवाज हळू ठेव." त्या वाक्याला तो थोडासा जमाव मनापासून, पोटातून हसला. लिहिताना दोघांना ते वाक्य दुःखाचं वाटलं होतं.

सभागृहाच्या पायरीवर बसून त्यांनी त्यावर वाद घातला. काठी म्हणाला, ते तुझ्या पोटाला हसले, सवयीनं. ढोल म्हणाला, नाही, त्यांना कोणाचं तरी घर आठवलं. काठीनं एक मत मांडलं, ढोलनं ते खोडलं. ढोलनं दुसरं काढलं, ते त्याचं त्यालाच पटलं नाही. नाटकाचा पुढचा प्रयोग काही झाला नाही, त्यामुळे पडताळून बघायलाही मिळालं नाही. पण ते वाक्य लोकांना का हसवून गेलं, हा प्रश्न ते दोघं काठीच्या शेवटच्या आजारापर्यंत चघळत होते. उत्तर सापडलं नाही. हल्ली ढोल त्यावर एकटाच विचार करतो, आणि अभिनयशाळेतल्या मुलांना कधी कधी ते वाक्य म्हणून दाखवतो. काही मुलं हसतात, काही हसत नाहीत.