आत्यानं परत घेतलेले पोहे

आमच्या घरातला ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर गेला, त्याला आज वर्ष झालं.

म्हणजे कमलआत्या. अकोटची.

आम्हा भावंडांत कोण काय होणार, हे तिनंच ठरवलं. दादाला औषधांच्या दुकानात बसवलं, धाकट्याला शेतात घातलं. मला म्हणाली, "तू शिक. तुले सैपाक जमत नाई."

मी अमरावतीत पीएचडीला लागले. रोगाशी लढणाऱ्या पेशी कशा घडतात, हा विषय.

मग आत्यानंच अकोल्याचं स्थळ आणलं. पाहुणे यायच्या आधी स्वयंपाकघरात माझीच परीक्षा.

"थे विचारतीन पोरगी काय करते. मले नीट सांगून ठेव."

मी सांगितलं. सगळ्या पेशींत सूचना त्याच असतात. पण काही प्रोटीन ठरवतात, कोणती सूचना वाचायची अन् कोणती बंद ठेवायची. त्यावरून एक पेशी बी-सेल होते, दुसरी टी-सेल. ही प्रोटीन म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर.

"म्हंजे मी," कांदा चिरता चिरता आत्या म्हणाली.

"हो. अन् बी-सेल झाल्यावरही तिचा फॅक्टर लागतोच. उंदरांत तो काढून पाहिला, तर तयार बी-सेल मागे फिरली. आपण कोण होतो हेच विसरली."

"बिचारी," म्हणत आत्यानं पोह्यांत मीठ टाकलं. दुसऱ्यांदा.

पाहुणे आले. मुलगा बरा होता, खोटं कशाला बोलू.

पोहे खाता खाता मुलाची आई गोड हसून म्हणाली, "लग्नानंतर हे पीएचडी-बीएचडी सोडा लागीन हो. आमच्या घरी काई गरज नाई."

संपलं, म्हटलं. आत्यानं आणलेल्या स्थळाला आमच्याकडे नाही कोण म्हणणार? बाबा तर मान डोलवायलाही लागले होते.

आत्या उठली.

त्या बाईंच्या हातातली अर्धी खाल्लेली प्लेट घेतली. मग मुलाची. त्यानं चमचा धरून ठेवला होता, तोही घेतला.

"राहू द्या. मीठ जास्त झालं."

बाबा पांढरे पडले. "ताई, काय करून राहिली तू?"

"पोरीचं शिक्षन काढलं का थे कोन होती थेच इसरून जाईन. उंदरायचं झालं तसं."

मध्येच उंदीर कुठून आले, हे त्या पाहुण्यांना आजही कळलं नसेल.

आत्या, तू गेल्यापासून दादा दुकान बंद करायचं म्हणतो, धाकटा शेत ठोक्यानं दुसऱ्याला कसायला द्यायचं. थिअरीप्रमाणे चाललंय सगळं.

मी मात्र मागे फिरले नाही. मागच्या आठवड्यात पीएचडी झाली, आत्या. पेढे घेऊन अकोटच्या एसटीत बसले, अन् गाडी सुटल्यावर लक्षात आलं की तू तिथं नाहीस.

खिडकीकडे तोंड करून खूप रडले.

सैपाक अजूनही जमत नाही.

तुला मनापासून नमस्कार, आत्या.